जुन्या मसल कारमधला टॅकोमीटर: निवड, जोडणी आणि बसवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटजवळच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा ड्रीम क्रूझ असतो. १९९५ पासून तो चालू आहे. मिशिगनला आल्यावर पहिली काही वर्षं मी रस्त्याकडेला घडीची खुर्ची टाकून नुसता बघत बसायचो. आता माझी १९६८ ची पॉन्टिॲक फायरबर्ड आहे, आणि इथल्या मराठी मित्रांपैकी आणखी दोघातिघांनी अशा गाड्या घेतल्या आहेत. त्यांचे जे फोन येतात, त्यांतले निम्मे टॅकोमीटरबद्दल असतात. टॅकोमीटर, बोलताना नुसता टॅक, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं (आरपीएम) ते दाखवणारा डायल. ती उत्तरं इथे एकत्र केली आहेत. मसल कार म्हणजे साधारण १९६४ ते १९७४ मधल्या, मोठ्या व्ही-८ (व्ही आकारात आठ सिलिंडरच्या) इंजिनाच्या अमेरिकी गाड्या डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत.

टॅक खरंच लागतो का? इंजिन कानाने कळत नाही का?

कळतं, पण थोडंफारच. आपल्याकडे पद्मिनी चालवणाऱ्या पिढीने आयुष्यभर कानावर गिअर बदलले, कारण तिच्या डॅशबोर्डावर टॅक नव्हताच. पण मोठ्या व्ही-८ चा आवाज फसवा असतो. एक्झॉस्ट बदललेला असेल, खिडक्या उघड्या असतील, शेजारी दुसरी तशीच गाडी असेल, तर ४,५०० आणि ५,५०० आरपीएममधला फरक कानाला लागत नाही.

आजच्या गाडीत कॉम्प्युटर इंजिनाला एका मर्यादेपुढे जाऊ देत नाही. या गाड्यांमध्ये तसं कोणी नाही. चार गिअरच्या मॅन्युअल गाडीत तिसऱ्याऐवजी चुकून पहिला पडला, की व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची गाठ पडायला क्षणही पुरतो. त्यामुळे मॅन्युअल असेल तर टॅक हवाच. ऑटोमॅटिक असेल आणि गाडी फक्त रविवारी आइस्क्रीम खायला निघत असेल, तर नसला तरी चालेल. मात्र आयडल (उभ्या गाडीत इंजिनाचे फेरे) आणि टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) लावताना तेव्हाही त्याची आठवण येते.

किती आरपीएमचा डायल घ्यावा?

आपलं इंजिन सर्वांत जास्त ताकद कुठे देतं ते बघा. (इंजिनाच्या नावातला आकडा म्हणजे त्याचा घन इंचांतला आकार.) क्रायस्लरचं ४४० मॅग्नम ३७५ अश्वशक्ती देतं ती ४,६०० आरपीएमला. ब्युइक ४५५ स्टेज-१ च्या ३६० अश्वशक्तीही ४,६०० लाच. १९६७ च्या पॉन्टिॲक जीटीओतलं ३३५ अश्वशक्तीचं ४०० इंजिन ५,००० ला, आणि क्रायस्लरचं ४२६ हेमीसुद्धा ५,००० लाच. ही इंजिनं जोर लावणारी आहेत, किंचाळणारी नव्हेत. त्यांना १०,००० चा डायल दिला तर निम्मा डायल कायम रिकामा राहतो आणि कामाचा भाग अरुंद पट्टीत कोंबला जातो. ८,००० चा डायल भरपूर झाला.

वर फिरणारी इंजिनंही आहेत. शेवरलेची कॅमॅरो झेड-२८ आणि फोर्डची बॉस मस्टॅंग, दोन्ही ३०२ घन इंचांची, दोन्हींची कागदावरची ताकद २९० अश्वशक्ती, ५,८०० आरपीएमला. रेसिंगसाठी बांधलेलं इंजिन ८,००० च्या वर जात असेल तरच १०,००० चा विचार करा. फोर्डला हे तेव्हाही ठाऊक होतं. सुरुवातीच्या मस्टॅंगला साध्या इंजिनासोबत ६,००० चा टॅक मिळायचा, आणि ६,००० आरपीएमला २७१ अश्वशक्ती देणाऱ्या खास २८९ इंजिनासोबत ८,००० चा.

त्या काळात कारखान्यातून टॅक कुठे बसवून यायचा?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो, कारण कंपन्यांनी यात मन लावून डोकं चालवलं होतं. मस्टॅंगचा रॅली-पॅक बघा: स्टीअरिंग कॉलमवर स्वार झालेल्या दोन गोल डब्या, एकीत टॅक, दुसरीत घड्याळ. ओल्ड्समोबिलने एकाच डायलमध्ये घड्याळ आणि टॅक दोन्ही बसवले आणि त्याला टिक-टॉक-टॅक असं नाव दिलं. पॉन्टिॲकने १९६७ मध्ये टॅक गाडीच्या बाहेरच नेला! बोनेटवर, चालकाच्या समोर, काचेपलीकडे. इथे बोनेटला हुड म्हणतात, म्हणून तो हुड टॅक. पुढे १९७० च्या ब्युइक जीएसएक्सवर तो आला, आणि त्याच वर्षीच्या एएमसी रिबेल मशीनमध्ये बोनेटवरच्या हवेच्या स्कूपच्या पाठीत टॅक बसवला होता.

शेवरलेची कॉर्व्हेट वेगळ्या जातीची. तिच्यात १९७४ पर्यंत टॅक विजेवर नव्हे, केबलवर चालायचा. डिस्ट्रिब्युटरमधून (सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या भागातून) निघालेली केबल थेट काटा फिरवायची, स्पीडोमीटरसारखी. अशा गाडीत केबल करकरायला लागली किंवा काटा उड्या मारायला लागला तर आधी केबल काढून साफ करा, वंगण घाला आणि ती कुठे तीव्र वळली आहे का ते बघा. खालची वायरींची सगळी चर्चा कॉर्व्हेटवाल्यांनी सोडून दिली तरी चालेल.

सन किंवा स्टुअर्ट-वॉर्नर कंपनीचा जुना टॅक घ्यावा की नवा?

शिकागोच्या सन इलेक्ट्रिक कंपनीचा सुपर टॅक स्टीअरिंग कॉलमवर दिसला की गाडीचा काळ लगेच डोळ्यांसमोर उभा राहतो. माझं मन नेहमी तिकडेच जातं. पण विकत घेताना एक पक्कं विचारा: सोबत ट्रान्समीटरची डबी आहे का? जुन्या सन टॅकच्या बऱ्याच मॉडेलना इंजिनाजवळ बसणारी वेगळी डबी लागते, आणि ती सिलिंडरच्या संख्येनुसार वेगळी असते. काही डब्यांमध्ये पाऱ्याच्या बॅटऱ्या असायच्या, त्या आता मिळत नाहीत. डबीशिवाय आलेला टॅक म्हणजे शोकेसमधली वस्तू.

नव्यांमध्ये इलिनॉयच्या ऑटो मीटरचे टॅक सगळीकडे मिळतात, आणि जुन्या धाटणीच्या डायलचेही मिळतात. मधला मार्गही आहे: जुन्या टॅकचं बाहेरचं अंग, डायल आणि काटा तोच ठेवून आत नवीन सर्किट घालून देणारे कारागीर आहेत. मूळ टॅक हाती असेल तर मी हाच मार्ग धरीन.

आकार कोणता?

कॉलमवर पावणेचार इंचाचा. पाच इंचाचा मोठा टॅक ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्टीवर, शोभतो. रस्त्यावर तो चौकातला माणूस झाकतो.

टॅक घेण्याआधी काय बघावं?

इग्निशन, म्हणजे ठिणगी पाडणारी यंत्रणा. टॅक नंतर. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण आधी टॅकच घेऊन येतो.

इलेक्ट्रिक टॅक इंजिनाचे फेरे मोजत नाही, ठिणग्या मोजतो. चार-स्ट्रोक व्ही-८ मध्ये एका फेऱ्याला चार ठिणग्या पडतात. म्हणजे ७५० च्या आयडलला सेकंदाला ५०, आणि ६,००० ला सेकंदाला ४००. या ठिणग्यांची खूण गाडीत कुठे आणि कशा रूपात मिळते, त्यावर टॅक चालणार की जळणार हे ठरतं.

बोनेट उघडा आणि बघा. डिस्ट्रिब्युटरमध्ये सीबी पॉइंट आणि कंडेन्सर असतील (पद्मिनी-ॲम्बॅसॅडरवाल्यांना ते ओळखायला सांगावं लागणार नाही), तर खूण कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाच्या) निगेटिव्ह टर्मिनलवर मिळते. पॉइंट काढून त्याच डिस्ट्रिब्युटरच्या आत बसणारा इलेक्ट्रॉनिक किट लावला असेल तरीही बहुधा तिथेच. क्रायस्लरने १९७३ पर्यंत आपल्या सगळ्या गाड्यांना इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिलं, तिथेही कॉइलचं निगेटिव्ह. जनरल मोटर्सचं (शेवरले, पॉन्टिॲक, ब्युइक, ओल्ड्समोबिल तिचेच) एचईआय इग्निशन असेल, म्हणजे डिस्ट्रिब्युटरचं भलंमोठं झाकण आणि त्यातच कॉइल, तर झाकणावर टॅक असं लिहिलेलं टर्मिनल शोधा. बॅट लिहिलेल्या टर्मिनलला हात लावू नका, तिथे बॅटरीचा पुरवठा येतो.

आणि फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) आत पंख्यांसारख्या कडांची लाल डबी बसवलेली दिसली, तर पुढचा प्रश्न दोनदा वाचा.

माझ्या गाडीत एमएसडी बॉक्स (तीच लाल डबी) आहे. टॅक कॉइलला जोडू का?

नाही. कधीच नाही. अशा कपॅसिटर डिस्चार्ज इग्निशनमध्ये बॉक्स कॉइलला चारशे व्होल्टच्याही वरचा झटका देतो. साधा टॅक कॉइलवर लावला की तो जळतो. माझा पहिला टॅक असाच गेला. ज्या गॅरेजमध्ये तो लावला त्यांनी पन्नास वर्षं जुनी गाडी म्हणजे कॉइलच, असं गृहीत धरलं, आणि मीही शेजारी उभा राहून मान डोलावली होती. बॉक्सवर टॅकसाठी स्वतंत्र टर्मिनल किंवा वायर असते. तिथून १२ व्होल्टचा स्वच्छ सिग्नल मिळतो. तिथेच जोडा. जुना कारखान्यातला टॅक त्या सिग्नलवर हलला नाही, तर मधे लावायचा ॲडॅप्टर मिळतो.

चार वायरी कुठे कुठे जातात?

ऑटो मीटरचे रंग असे: लाल पुरवठ्याला, काळी अर्थिंगला, हिरवी सिग्नलला, पांढरी डायलच्या दिव्याला. दुसऱ्या कंपनीचा टॅक असेल तर रंगांवर विश्वास ठेवू नका, कागद वाचा.

चूक होते ती लाल वायरीत. कॉइल समोर दिसते, तिच्या पॉझिटिव्हवर वीज असते, म्हणून लोक लाल वायर तिथेच जोडतात. पण पॉइंटच्या गाड्यांमध्ये कॉइलच्या आधी रोध असतो. क्रायस्लरमध्ये पांढऱ्या चिनी मातीचा बॅलास्ट रेझिस्टर, जनरल मोटर्स आणि फोर्डमध्ये रोध असलेली खास वायर. त्यामुळे इंजिन चालू असताना कॉइलवर पूर्ण १२ व्होल्ट नसतातच. उपाशी टॅक खोटं वाचतो. लाल वायर फ्यूज बॉक्समधल्या अशा जागेवरून घ्या जिथे चावी ऑन असताना आणि स्टार्टर फिरतानाही वीज असते. मधे छोटा फ्यूज टाका.

काळी वायर रंगवलेल्या पत्र्याला स्क्रूने आवळली म्हणजे अर्थिंग झालं असं नाही. रंग खरवडून चकाकणारा पत्रा काढा, किंवा इंजिनाच्या अर्थिंगपर्यंत वायर न्या. पांढरी वायर डॅशबोर्डाच्या दिव्यांना जोडली की डिमरबरोबर टॅकही मंद होतो. टॅकमध्ये एलईडी असतील तर जुन्या डिमरवर ते लुकलुकतात. तसं झालं तर मागच्या दिव्यांच्या सर्किटवरून घ्या.

काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा.

मस्टॅंगमधला मूळ टॅक काढला तर गाडी सुरूच होईना. असं कसं?

साठच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या, डॅशबोर्डात बसवलेल्या फोर्डच्या टॅकची जोडणी वेगळी होती. तो कॉइलच्या निगेटिव्हवर बसून व्होल्टेज बघत नाही. कॉइलला जाणारा सगळा प्रवाह त्याच्या पोटातून जातो आणि तो त्या प्रवाहाचे ठोके मोजतो. नदीकाठी उभं राहून पाणी मोजणं आणि पाणचक्की थेट प्रवाहात बसवणं, एवढा फरक. टॅक काढला की प्रवाहच तुटला, मग ठिणगी कुठून पडणार? टॅक दुरुस्तीला पाठवायचा असेल तर तेवढ्यापुरत्या त्या दोन वायरी एकमेकींना जोडून नीट झाका. आणि नवा, साध्या पद्धतीचा टॅक या दोन वायरींत घुसवू नका. त्याला कॉइलपासून वेगळी वायर आणा.

जुन्या गाडीत जनरल मोटर्सचं नवं, कॉम्प्युटरवर चालणारं एलएस व्ही-८ इंजिन बसवलंय. टॅक निम्मंच दाखवतो.

बरोबर दाखवतोय, तुम्ही त्याला चुकीचं सांगितलंय. एलएसचा कॉम्प्युटर टॅकला चार सिलिंडरच्या इंजिनासारखा सिग्नल देतो, फेऱ्याला दोन ठोके. टॅकच्या मागचा सिलिंडरच्या संख्येचा स्विच ४ वर करा. काटा अजिबातच हलत नसेल, तर सिग्नल आणि १२ व्होल्टच्या मधे पुल-अप रेझिस्टर लागतो.

याच स्विचची उलटी चूकही होते. व्ही-८ असताना स्विच ६ वर राहिला तर ३,००० ला टॅक ४,००० दाखवतो. नवा टॅक डबीतून काढल्यावर पहिलं काम म्हणजे हा स्विच बघणं, कारण एकदा बसवल्यावर तो हाती लागत नाही.

बसवायचा कुठे?

रस्त्यावरून नजर न उचलता कोपऱ्यातून काटा दिसला पाहिजे. गाडीत नेहमीसारखे बसा, हात स्टीअरिंगवर ठेवा, आणि दुसऱ्या कोणाला तरी टॅक हातात धरून वेगवेगळ्या जागी फिरवायला सांगा. पुठ्ठ्याचा गोल कापून चिकटवला आणि आठवडाभर गाडी चालवली तर आणखी उत्तम.

कॉलम ही माझी पहिली पसंती. पट्टीचा क्लॅम्प आवळायचा, खाली रबराची पट्टी ठेवायची, एकही भोक नाही. पण इंडिकेटरची दांडी, कॉलमवरचा गिअर आणि स्टीअरिंगची आरी या सगळ्यांना मोकळी जागा आहे का ते चाक पूर्ण फिरवून बघा. १९६७ पासून जनरल मोटर्सच्या गाड्यांत अपघातात आत दबणारा कॉलम आला. तो दबायला मोकळा राहिला पाहिजे, म्हणून त्याच्या जाळीदार भागावर क्लॅम्प आवळू नका आणि कॉलममध्ये स्क्रू तर मारूच नका.

डॅशबोर्डाचं गादीसारखं पॅड ही दुसरी जागा, आणि तिथेच माझा जीव तुटतो. माझ्या गाडीच्या आधीच्या मालकाने पॅडला तीन भोकं पाडली होती. पन्नास वर्षं ऊन खाल्लेल्या पॅडला भोक पडलं की तिथून चीर सुरू होते, आणि ती थांबत नाही. पॅडखाली, डॅशच्या ओठाला मूळ कंपनीचे स्क्रू असतात. त्यांतल्या एखाद्याखाली पत्र्याची पट्टी वाकवून बसवा. पुढच्या मालकाला ती सोडवून गाडी जशीच्या तशी मिळेल.

पुढच्या काचेच्या खांबावर लावलेला टॅक फोटोत छान दिसतो. डाव्या वळणावर पायी चालणारा माणूस नेमका त्याच्याआड येतो. डॅशखाली गुडघ्याजवळ लावला तर काटा बघायला मान खाली घालावी लागते. दोन्ही नकोत.

आणि एक. मोकळ्या टॅकचं अंग क्लॅम्पमध्ये फिरवता येतं. तो असा फिरवा की गिअर बदलायचा आकडा बरोबर वर, बाराच्या ठिकाणी येईल. मग आकडे वाचावे लागत नाहीत. काटा उभा झाला की गिअर बदला. रेसवाले हे कधीपासून करतात, आणि त्यात दिखाऊपणा अजिबात नाही.

पॉन्टिॲकवर हुड टॅक बसवावा का?

गाडीला कारखान्यातून आलेला असेल तर तो जिवापाड जपा. नसेल तर बोनेट कापण्याआधी महिनाभर थांबा. बोनेटवरचा टॅक ऊन, पाऊस आणि इंजिनाची उष्णता तिन्ही झेलतो. काचेच्या आत धुकं धरतं, आणि बोनेट दर वेळी आपटलं की आतल्या नाजूक काट्याला हादरा बसतो. दिसतो मात्र अप्रतिम, नजर रस्त्यावरच राहते. बसवायचाच असेल तर साच्यावरून तीनदा माप घ्या, कापलेल्या कडेला लगेच गंजरोधक रंग लावा, पाणी निघायची वाट मोकळी ठेवा, वायर बिजागरीशी सैल सोडा, आणि बोनेट हाताने दाबून लावायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा.

वायर इंजिनाकडून आत कशी आणायची?

मधल्या पत्र्यात आधीच रबरी ग्रोमेटवाली भोकं असतात. त्यांतूनच आणा. नंगी वायर पत्र्याच्या धारेवर घासू देऊ नका. का, ते पुढे येतंय.

गाडी चालता चालता बंद पडली आणि सुरूच होत नाही. टॅकमुळे होऊ शकतं?

होऊ शकतं. सिग्नलची वायर कॉइलच्या निगेटिव्हवर बसलेली असते. ती कुठे घासून पत्र्याला टेकली, किंवा टॅक आतून शॉर्ट झाला, तर कॉइलचं निगेटिव्ह कायमचं अर्थ होतं. मग पॉइंट कितीही उघडझाप करोत, ठिणगी पडत नाही. माझी गाडी वुडवर्डवरच अशी थांबली होती, मागे रांग, ऑगस्टचं ऊन. शेजारच्या गाडीतल्या एका आजोबांनी उतरून कॉइलवरची हिरवी वायर काढली आणि म्हणाले, आता चावी मार. पहिल्या झटक्यात सुरू. तेव्हापासून त्या वायरीला मी सहज सुटणारा कनेक्टर लावतो.

काटा थरथरतो.

प्लगच्या वायरी बघा. तांब्याची तार असलेल्या जुन्या धर्तीच्या वायरी रेडिओलाही त्रास देतात आणि टॅकलाही. रोध असलेल्या वायरी घाला आणि सिग्नलची वायर त्यांच्यापासून लांबून न्या. त्यानंतर अर्थिंग तपासा. पॉइंट झिजलेले असतील तरी काटा नाचतो, तेव्हा टॅकला दोष देण्याआधी तेही बघा.

टॅक खरं सांगतोय हे कसं कळणार?

डिजिटल आकडा दाखवणारा टायमिंग लाइट पहिल्या प्लगच्या वायरीला लावा आणि ८००, २,००० आणि ३,००० ला दोन्ही जुळवून बघा. जुना टॅक तीनशे-चारशेने चुकला तर आश्चर्य नाही, आतले भाग वयाने बदलतात. चूक सगळीकडे सारखी असेल तर मनात वजाबाकी करून चालवता येतं. वर जाताना चूक वाढत असेल तर दुरुस्तीला पाठवा.

यंत्र नसेल तर गणित आहे. वेग ताशी मैलांमध्ये घ्या, त्याला मागच्या एक्सलच्या गुणोत्तराने आणि ३३६ ने गुणा, टायरच्या इंचातल्या व्यासाने भागा. चार गिअरच्या मॅन्युअलचा वरचा गिअर एकास एक असतो, म्हणून हे सरळ जमतं. ३.५५ चा एक्सल, २६ इंची टायर आणि ६० मैलांचा वेग असेल तर उत्तर येतं सुमारे २,७५०. वेग फोनच्या जीपीएसवरून घ्या, गाडीच्या स्पीडोमीटरवरून नको. ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी असलेला तेलाचा जोड) थोडा घसरतो, तिथे टॅक जरा जास्तच दाखवेल.

मूळ टॅक बंद आहे. काढून टाकू का?

काढा, पण टाकू नका. चालणारा टॅक क्लॅम्पने कॉलमवर लावा, मूळचा कापडात गुंडाळून, कुठली वायर कुठे होती त्याची चिठ्ठी आणि स्क्रू सोबत ठेवून डबीत ठेवा. वायरी कापायच्या नाहीत, कनेक्टरपाशी सोडवायच्या. माझ्या फायरबर्डचा डॅश उघडला तेव्हा आत कोणीतरी पेन्सिलने वायरींचे रंग लिहून ठेवलेला पिवळा पडलेला कागद सापडला होता. त्या कागदाने माझे दोन शनिवार वाचवले. तो अजून तिथेच आहे, मी त्याच्याखाली माझे रंग लिहिले आहेत.